कचऱ्याला लागणारे हात



१९३२ साली अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगातलं संडाससफाईचं काम आपल्याला द्यावं, अशी त्यांनी मागणी केली. ती नाकारली गेली, कारण ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांनीच करायचं अशी तुरुंगाची रीत होती. अप्पासाहेबांनी आपला आहार कमी केला. हे येरवड्याला गांधीजींना कळलं आणि ३ डिसेंबरला त्यांनीही अप्पासाहेबांच्या पाठिंब्यासाठी उपवास धरला. सरकारने फेरविचाराचं आश्वासन दिलं तेव्हा तो सुटला.

घाणीचं काम टाळायला माणसं काय काय करतात हे आपण रोज पाहतो. ते काम मिळावं म्हणून उपाशी राहिलेला माणूस आपल्या कोकणातला होता. पुढे कणकवलीला गोपुरी आश्रमात त्यांनी मेलेली जनावरं सोलली, कातडी कमावली, मैल्याचं खत करणारा संडास बांधला आणि तो लोकांनी वापरावा म्हणून आयुष्यभर खटपट केली. सफाईत त्यांना तीन प्रश्न एकत्र गुंतलेले दिसत होते: जातीचा, जमिनीच्या कसाचा आणि आपल्या घाणीची जबाबदारी आपण घेण्याचा. आज आपण ‘ओला-सुका’ एवढंच बोलतो. बाकीचं बोलायचं राहून जातं. अप्पासाहेबांच्या स्मृतीला वाहिलेल्या या व्यासपीठावरून तेच बोलायला हवं, असं मला वाटतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. छोट्या शहराचा कचरा कधीही नफ्यात चालणार नाही, आणि तो नफ्यात चालेल या आशेनेच आपल्याकडच्या कितीतरी चांगल्या सुरुवाती मोडल्या. कचरा हाताळायला माणसं लागतात. त्यांची मजुरी गावाने भरायची असते, आणि त्यांच्यापुढे येणारा माल स्वच्छ ठेवायची जबाबदारी घरांनी घ्यायची असते. या दोन्ही गोष्टी टाळून कुठलंही यंत्र चालत नाही.

आधी प्रमाण समजून घेऊ. केंद्र सरकारच्या घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमपुस्तिकेत दोन लाखांच्या आतल्या शहरांना माणशी दिवसाला २०० ते ३०० ग्रॅम कचरा धरला आहे. दहा लाखांवरच्या शहरांना ४०० ते ६०० ग्रॅम. २०११ च्या जनगणनेत वेंगुर्ल्याची लोकसंख्या १२,३९२ होती. म्हणजे दिवसाला अडीच ते पावणेचार टन. सावंतवाडी, मालवण, कणकवली, कुडाळ, देवगड-जामसंडे, वाभवे-वैभववाडी, कसई-दोडामार्ग यांतलंही कुठलं शहर त्या जनगणनेत २५ हजारांपुढे नव्हतं. गणपतीत चाकरमानी येतात, मे महिन्यात पर्यटक येतात, तेव्हा हे प्रमाण फुगतं. एरवी आपला सगळा कचरा दोन-तीन टेम्पोंत मावतो. मुंबईत देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराचे फोटो पाहून आपण जे घाबरतो, ते आपलं दुखणं नाही.

पण थोडा असला म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. आपल्याकडे डम्पिंग म्हणजे बहुतेक ठिकाणी गावाबाहेरचा सडा. कातळ उजाड दिसतो, म्हणून तिथे टाकलं की कुणाला त्रास नाही असं वाटतं. जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात कचऱ्यातलं काळं पाणी त्यातून झिरपतं आणि खालच्या वाडीच्या विहिरीत उतरतं. ज्या वाडीने तो कचरा केलेला नसतो, तिच्याच पाण्यात तो जातो. केरळात आलप्पुळा शहराचा कचरा असाच शेजारच्या सर्वोदयपुरम् गावी जात असे. गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, आणि नाइलाज झाल्यावर २०१२ पासून त्या शहराने ओला कचरा घरातच आणि वॉर्डातच जिरवायला सुरुवात केली. पावणेदोन लाख वस्तीचं शहर पाइप-कंपोस्टवर, घरगुती गोबरगॅसवर आणि चौकाचौकातल्या खताच्या पेट्यांवर उभं राहिलं. तिथली सुधारणा गावकऱ्यांच्या नकारातून आली, हे आपण लक्षात ठेवलं पाहिजे.

आता आपल्या टेम्पोत काय असतं ते पाहू. निम्म्याच्या आसपास ओला माल: भाजीची देठं, उष्टं-खरकटं, चहाचा चोथा, फणसाच्या चारखंडाचे तुकडे, आंब्याच्या कोयी, काजूची बोंडं, मासळीची खवलं आणि आतडी. त्याशिवाय शहाळी, सोडणं, करवंट्या, झावळ्या. हे सगळं आपल्या आजीच्या काळीही होतं, आणि ते कचरा नव्हतं. मासळीचं पाणी माडाच्या आळ्यात जायचं, सोडणं चुलीत आणि उरलेलं परड्यातल्या खड्ड्यात. परडं लहान झालं, काही घरांचं गेलं, गॅस आला, आणि त्या वस्तू पिशवीत बांधून घंटागाडीकडे जायला लागल्या. पिशवी आली तिथे सगळं बिघडलं.

ओल्या कचऱ्याचं खत करणं अवघड नाही, पण त्याला शिस्त लागते. सूक्ष्म जीवांना कार्बन आणि नायट्रोजन साधारण पंचवीस-तीसास एक या प्रमाणात हवा. भाजी, मासळी, उष्टं यांत नायट्रोजन भरपूर. वाळलेला पाला, भुसा, काथ्याचा चुरा यांत कार्बन भरपूर. ओल निम्म्याहून थोडी जास्त हवी: मूठभर माल दाबला तर तळवा ओला व्हावा, थेंब पडू नये. ढीग आतून पंचावन्न ते पासष्ट अंशांपर्यंत तापला पाहिजे, म्हणजे रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. आठवड्याने परतायचा, पुन्हा तापू द्यायचा. दीड-दोन महिन्यांत खत होतं. घाण वास आला की समजायचं, आत हवा पोचत नाही किंवा पाला कमी पडला.

आणि इथे कोकणाची खरी अडचण आहे. जुलैत सगळं ओलं असतं आणि सुका पाला कुठेच नसतो. नेमका तोच पाला आपण फेब्रुवारीपासून मेपर्यंत बागेत, रस्त्याकडेला गोळा करून पेटवतो. नगरपंचायतीने उन्हाळ्यात पाला जमवून छपराखाली साठवला, तर पावसाळ्यातलं खत वाचतं. ज्यांनी हे केलं नाही त्यांचे खताचे खड्डे जुलैत आंबतात, वास सुटतो, शेजारी तक्रार करतात, आणि ऑगस्टमध्ये सगळा माल पुन्हा सड्यावर जायला लागतो. प्रकल्प बंद पडण्याचं कारण कागदावर ‘लोकांचा विरोध’ असं लिहिलं जातं. खरं कारण साठवून न ठेवलेला पाला असतं.

खत विकत नाही, अशी दुसरी तक्रार. मिसळलेल्या कचऱ्यापासून केलेलं खत शेतकरी घेत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. त्यात काचेचे तुकडे असतात, पिशव्यांच्या चिंध्या असतात, बॅटरीतलं शिसं असू शकतं. एकदा हाताला काच लागली की तो माणूस पुन्हा येत नाही. उलट घरातूनच वेगळा आलेल्या मालाच्या खताला आपल्याकडे गिऱ्हाईक कमी नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार दहा वर्षांच्या हापूस कलमाला वर्षाला सुमारे पन्नास किलो शेणखत किंवा कंपोस्ट लागतं. दिवसाला दीड टन ओल्या मालातून तीनशे-साडेतीनशे किलो खत निघालं, तर वर्षाला सव्वाशे टनांपर्यंत जाईल, म्हणजे अडीच हजार कलमांना पुरेल. गुरं कमी झाल्यामुळे शेणखत मिळत नाही म्हणून बागायतदार घाटावरून ट्रक मागवतात. गावाचा ओला कचरा गावाच्या हद्दीबाहेर जाण्याचं मला एकही कारण दिसत नाही.

गॅसबद्दलही बोललं पाहिजे, कारण या कामात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. देहूचे डॉ. मापुसकर अप्पासाहेबांच्याच वाटेवरचे. त्यांनी संडासाला जोडलेला ‘मलप्रभा’ गॅस संयंत्राचा नमुना उभा केला, आणि २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ हे संयंत्र तयार केलं. माथेरानला ते बसलं. पुण्याच्या डॉ. आनंद कर्व्यांनी घरगुती उष्ट्या-खरकट्यावर चालणारा छोटा गॅस करून दाखवला. ही सगळी कामं आदराची आहेत. तरीही माझं मत असं की आपल्या आकाराच्या शहरात गॅस हॉटेलं, मंगल कार्यालयं आणि वसतिगृहांच्या उष्ट्यासाठी ठेवावा, घराघरातल्या मालासाठी नको. रोज एकसारखा, मऊ, बिनपिशवीचा माल आला तरच टाकी चालते. एक दिवस नारळाची शेंडी किंवा प्लास्टिक आत गेलं की पंप अडतो. पंप दुरुस्त करणारा माणूस गावात नसतो.

आता सुका माल. इथेच लोकांची कल्पनाशक्ती जास्त धावते आणि इथेच हिशेब चुकतो.

घंटागाडीत येणारा सुका माल म्हणजे गावातल्या सुक्या मालाचा गाळ. वर्तमानपत्रं, वह्या, लोखंड, तांब्या-पितळेचं भांडं, बिअरच्या बाटल्या हे आधीच रद्दीवाल्याकडे किंवा भंगारवाल्याकडे गेलेलं असतं, आणि तसंच जावं. त्यांच्या पोटावर पाय आणून नगरपालिकेने दुकान मांडू नये. गाडीत उरतं ते: दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, तेलाचे डबे, खोके, चपला, थर्माकोलची मखरं, फुटकी काच, औषधांच्या पट्ट्या, वेफर्सची पाकिटं, शाम्पूच्या आणि गुटख्याच्या पुड्या.

वेंगुर्ल्याचं काम इथे समजून घेण्यासारखं आहे. तेव्हाचे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथे कचऱ्याचं २७ प्रकारांत वर्गीकरण व्हायला लागलं. जुन्या डम्पिंगच्या जागी बाग झाली, ओल्यासाठी गॅस आणि खत, पालापाचोळ्याच्या ब्रिकेट, पिशव्यांचा चुरा करून तो डांबरी रस्त्यात. देशभरातून लोक ते पाहायला येऊ लागले. पाहणारे बाग आणि यंत्रं पाहून परत जातात. मला त्यातली सर्वांत मोठी गोष्ट सत्तावीस हा आकडा वाटते. एवढे प्रकार कशाला, असं कुणालाही वाटेल. पण प्रत्येक प्रकाराचं गिऱ्हाईक वेगळं असतं. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक वेगळं, तिच्या झाकणाचं वेगळं. रंगीत बाटली पारदर्शक बाटल्यांत गेली तर भाव पडतो. पाइपच्या जातीचं पीव्हीसी बाटल्यांत थोडं जरी मिसळलं तरी वितळवताना अख्खा घाणा खराब होतो. दुधाची पिशवी धुतलेली असेल तर माल, आंबलेली असेल तर घाण. कारखानदाराला शुद्ध माल लागतो, आणि तो कुणाच्या तरी बोटांनीच शुद्ध होतो.

त्यानंतर वाहतूक येते. आपल्या जिल्ह्यातून प्लास्टिक, पुठ्ठा किंवा भंगार लोखंड घेणारं मोठं केंद्र म्हणजे कोल्हापूर. म्हणजे करूळ, फोंडा नाहीतर आंबोलीचा घाट. मोकळ्या बाटल्या भरलेला ट्रक वजनाने जवळजवळ रिकामा असतो. आपण हवेचं भाडं भरत असतो. दाबून गठ्ठे बांधायचं यंत्र असेल तर तोच माल कितीतरी कमी जागेत जातो. पण एका छोट्या गावात दिवसाला मूठभर किलो बाटल्या येतात, त्यासाठी वेगळं यंत्र घेणं म्हणजे ते अकरा महिने झाकून ठेवणं. म्हणून मी आग्रहाने सांगतो: सिंधुदुर्गातल्या आठही शहरांनी आणि रस्त्यालगतच्या मोठ्या ग्रामपंचायतींनी मिळून गठ्ठे बांधण्याचं एकच केंद्र करावं, महामार्गाजवळ, आणि तिथून महिन्याला ठरावीक दिवशी भरलेला ट्रक घाट चढावा. केरळने यासाठी सरकारी कंपनीच काढली आहे, ‘क्लीन केरळ कंपनी’. गावोगावचा सुका माल ती उचलते. आपल्याकडे प्रत्येक नगरपंचायत वेगळा प्रस्ताव करते, वेगळं श्रेडर घेते आणि वेगळा गंज चढवते.

प्लास्टिकच्या रस्त्याबद्दल विचारलं जातं. मदुराईच्या थिआगराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्रा. राजगोपालन वासुदेवन यांची ही पद्धत: खडी एकशे साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवायची, तिच्यावर बारीक कापलेल्या पिशव्या टाकायच्या, खडीवर लेप बसतो आणि मग डांबर. डांबराच्या वजनाच्या साधारण आठ टक्क्यांपर्यंत प्लास्टिक खपतं. पीव्हीसी त्यात चालत नाही. पद्धत चांगली आहे, आणि ज्या पिशव्या कुणीच घेत नाही त्यांना ती एक वाट देते. पण रस्ते काही दरवर्षी नवे होत नाहीत, आणि झिजणाऱ्या रस्त्यातून सुटणारे कण ओढ्यात जातात याचाही विचार करायला हवा. वेफर्सच्या पाकिटांसारख्या अनेक थरांच्या मालाचं तर वितळवून पुन्हा काहीच होत नाही. तो सिमेंटच्या भट्टीत जाळायला पाठवायचा, म्हणजे कर्नाटकात नाहीतर विदर्भात, आणि भाडं आपण द्यायचं. महाराष्ट्राने २०१८ साली प्लास्टिकबंदी आणली, केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या अनेक वस्तू बंद केल्या, पण पाकिटं आणि पुड्या तशाच चालू राहिल्या. ज्या कंपन्या त्या विकतात, त्यांच्यावर परत गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी टाकली आहे. ती जबाबदारी आपल्या घाटाखाली पोचलेली मला दिसत नाही.

आता पैशाचा हिशेब. हे आकडे उदाहरणासाठी घेतो. समजा, तीन हजार घरांचं शहर आहे. विकण्याजोगा सुका माल दिवसाला तीनशे किलो आणि सरासरी भाव किलोला दहा रुपये मिळाला, तर महिन्याला नव्वद हजार येतात. गाड्यांवर आठ आणि शेडमध्ये आठ अशी सोळा माणसं लागली, आणि त्यांना पंधरा हजार जरी दिले, तरी मजुरीच दोन लाख चाळीस हजार. डिझेल, दुरुस्ती, हातमोजे, विमा वेगळा. खत सगळं विकलं गेलं तरी ही दरी भरत नाही. ‘कचऱ्यातून संपत्ती’ असं म्हणत जो कुणी नगरपरिषदेत येईल, त्याला हा हिशेब फळ्यावर मांडायला सांगा. पाण्याची योजना नफ्यात आहे का, असं आपण विचारत नाही; पाणीपट्टी भरतो. त्याच तीन हजार घरांनी महिन्याला साठ रुपये दिले तर एक लाख ऐंशी हजार होतात आणि काम उभं राहतं. केरळच्या पंचायतींत हरित कर्म सेनेच्या बायका घरोघरी जाऊन सुका माल नेतात आणि घरामागे महिन्याला पन्नास रुपये घेतात. त्या पैशावर त्यांची चूल चालते. आपल्याकडे शुल्काचा ठराव आला की निवडणूक जवळ असते.

पैशाइतकाच महत्त्वाचा प्रश्न, पैसे कशाचे द्यायचे, हा आहे. कितीतरी ठिकाणी ठेकेदाराला टनामागे पैसे मिळतात. वजनकाट्यावर जास्त वजन म्हणजे जास्त बिल. मग ओल्यात सुका मिसळलेला चालतो, पावसात भिजलेला आवडतो, बांधकामाची मातीही गाडीत चढते. घरातली बाई दोन डबे वेगळे ठेवते, गाडीवाला तिच्या डोळ्यांदेखत दोन्ही एकाच कप्प्यात ओततो, आणि महिनाभराने तीही वेगळं करणं सोडते. तिला दोष देणारे फलक मग चौकात लागतात. तिने काय करायला हवं होतं? करारात वजनाऐवजी घरांची संख्या आणि वेगळ्या आलेल्या मालाचं प्रमाण घातलं, तर हीच गाडी वेगळी वागते.

कायद्यात यातलं बरंच काही आहे. बंगळूरच्या अल्मित्रा पटेल १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्या याचिकेतून २००० चे नियम झाले. २०१६ च्या नियमांनी घरातूनच तीन भाग करायला सांगितले, कचरावेचकांना व्यवस्थेत घ्यायला सांगितलं, सुक्या मालाची वर्गीकरण केंद्रं उभारायला सांगितलं, शुल्क घ्यायचा अधिकार दिला. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने १९९३ पासून कचरावेचक बायकांना ओळखपत्रापासून सहकारी संस्थेपर्यंत आणलं, ते या नियमांच्या कितीतरी आधी. त्या कामातून एक गोष्ट सिद्ध झाली: वर्गीकरणाचं ज्ञान या बायकांच्या हातात आहे, आणि ते वापरायचं तर त्यांना ठेकेदाराच्या हजेरीपटावरची नावं म्हणून वागवून चालत नाही.

आता ज्यासाठी मी अप्पासाहेबांचं नाव घेतलं, त्याकडे येतो. मी अनेक गावांतल्या वर्गीकरणाच्या शेडमध्ये उभा राहिलो आहे. टेबलावर गोणी रिकामी होते, आणि त्यातून उघडे पॅड आणि लहान मुलांचे, म्हाताऱ्यांचे डायपर बाहेर येतात. बाजूला बाटल्या, बिस्किटांचे पुडे. समोरची बाई ते हाताने बाजूला करते. हातमोजे असले तरी पहिल्या तासात काचेने फाटतात, आणि बऱ्याच ठिकाणी नसतातच. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. डोक्यावरची टोपली गेली, आणि मैला डायपरमधून परत आला, सुक्या कचऱ्याच्या नावाखाली. तो उचलणारे हात बहुतेक ठिकाणी त्याच जातींचे आहेत, ज्यांच्या वाट्याचं काम आपल्याला द्या म्हणून अप्पासाहेब उपाशी राहिले. नियम सांगतो की हे कागदात नाहीतर पाकिटात गुंडाळून द्या. पुण्यात त्यावर लाल ठिपका काढायची मोहीम झाली. एक वर्तमानपत्राचं पान आणि एक ठिपका एवढंच ते काम आहे. ते घरातल्या पुरुषांनीही करायचं आहे, कारण बाळाचा डायपर आणि आजारी वडिलांचा डायपर ही फक्त बाईची जबाबदारी नाही. हे ज्या घरात होत नाही, त्या घराने ओला-सुका कितीही नीट केला तरी ते घर स्वच्छ आहे असं मी मानणार नाही.

स्पर्धांबद्दल थोडंसं. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या शहरांत २०२० साली कराड, २०२१ साली विटा, २०२२ साली पाचगणी आणि २०२३ साली सासवड देशात पहिलं आलं. महाराष्ट्राच्या छोट्या शहरांना हे जमतं, याचा मला अभिमान आहे. पण बक्षीस मिळवण्याच्या काळात भिंती रंगतात, कागदपत्रं तयार होतात, आणि मुख्याधिकाऱ्यांची बदली झाली की शेडचं दार अर्धं बंद होतं. एका चांगल्या अधिकाऱ्यावर उभं राहिलेलं काम त्याच्या बदलीच्या आदेशाबरोबर डळमळू नये, यासाठी नगरपरिषदेचा उपविधी हवा, कायम पदावरचा स्वच्छता निरीक्षक हवा, आणि नगरसेवकांनी महिन्यातून एकदा सभा शेडमध्येच घ्यायला हवी. ज्या शेडमध्ये सभा होते तिथे पंखा, पाणी आणि संडास आपोआप येतो.

घरासमोर कचरा पेटवण्याबद्दल एकच वाक्य: प्लास्टिक कमी तापावर, धुमसत जळतं तेव्हा डायॉक्सिनसारखी विषं निघतात, आणि पहाटेच्या थंडीत तो धूर अंगणातच बसतो, म्हणून पेटवणं थांबवा.

मार्चआधी नगरपंचायतीची अंदाजपत्रकाची सभा असते. नागरिकांना तिथे प्रेक्षक म्हणून बसता येतं, आणि नगरसेवक तुमच्या ओळखीचे आहेत. त्यांना सांगा की घनकचऱ्याच्या ठेक्याचा करार सभेत मोठ्याने वाचून दाखवावा. पैसे टनामागे आहेत की घरामागे, हे त्यातून सगळ्यांना कळेल. वर्गीकरण करणाऱ्या माणसांना किती मजुरी मिळते, त्यांचा भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का, वर्षाला किती हातमोजे दिले, हे विचारा. शुल्काचा ठराव आला तर त्याच्या बाजूने बोला, आणि तो या मजुरीसाठीच खर्च होईल अशी अट त्यात लिहून घ्या. पुढचा करार नव्याने होईल तेव्हा शेजारच्या शहरांबरोबर एका गठ्ठा-केंद्राचा प्रस्ताव त्यात असला पाहिजे. आणि आज रात्री घरी गेल्यावर डायपरसाठी आणि पॅडसाठी वर्तमानपत्राची कापलेली पानं डब्याशेजारी ठेवा.